न दाखवलेले रीळ

मी त्यांच्याशी एकच शब्द खोटा बोललो. 'संपला' हा तो शब्द. मोटारीच्या मागच्या सीटवर बसून, त्यांनी सरळ विचारलेल्या प्रश्नाला दिलेले ते उत्तर होते. ते उच्चारायला अर्धा क्षणही लागला नसेल. लपवून ठेवण्यात मात्र मी तीस वर्षे घालवली. माणूस भीतीपोटी खोटे बोलतो असे म्हणतात. माझ्या बाबतीत ते खरे नव्हते. मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्याही वर, नुकत्याच मिळालेल्या कौतुकाची गोडी जिभेवर होती. ती घालवायची माझी तयारी नव्हती. पन्नाशी उलटल्यावर आपल्या चुकांची जी छाननी माणूस आपोआप करू लागतो, तीत ही चूक प्रत्येक वेळी वर येत राहिली. म्हणून आधी ती सांगितली. आता ज्यांच्याशी खोटे बोललो त्यांच्याविषयी सांगतो.

इंडियानातल्या एका विद्यापीठाच्या गावात त्या आमच्या घरमालकीण होत्या. वर्षे ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली. वरच्या मजल्यावर आम्ही तिघे मराठी विद्यार्थी राहत असू: मेकॅनिकलचा एक नागपूरकर, संख्याशास्त्राचा एक पुणेकर आणि रसायनशास्त्रात चाचपडणारा मी. त्या मूळच्या वसईच्या, ख्रिस्ती. अठराव्या वर्षी मठात गेल्या, रुग्णसेवा करणाऱ्या संघात पंधरा वर्षे सिस्टर म्हणून राहिल्या. संघानेच त्यांना अमेरिकेतल्या एका इस्पितळात पाठवले. तिथेच एके दिवशी त्यांनी तो पोशाख उतरवला आणि नंतर या गावच्या इस्पितळात साधी नर्स म्हणून नोकरी धरली. आम्ही राहायला गेलो तेव्हा त्या सत्तेचाळिशीच्या असतील. पहिल्या दिवशी नागपूरकर त्यांना अदबीने 'सिस्टर' म्हणाला.

“ते नाव मी परत केलंय,” त्या म्हणाल्या. “मावशी म्हण.”

मठ सुटला होता, पण मठाच्या सवयी त्यांच्या अंगातून गेल्या नव्हत्या. त्या जिन्यात आणि व्हरांड्यात नेहमी भिंतीच्या कडेने चालत, जणू मधली वाट दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलेली आहे. दार लावताना मूठ फिरवलेली धरून ठेवत आणि चौकटीला टेकल्यावर हळूच सोडत. त्या घरात दार लागल्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. सकाळी आठपर्यंत बोलत नसत. त्याआधी काही सांगायचे असेल तर हाताच्या खुणा. दुधासाठी वेगळी खूण, पावासाठी वेगळी, आणि 'आज तू भांडी घासायची आहेस' यासाठी एक खास खूण होती, जी नागपूरकराला दोन वर्षांत एकदाही समजली नाही.

घरात आरसा नव्हता. म्हणजे बाथरूममध्ये होता, पण त्यावर त्यांनी कसलेतरी जुने कॅलेंडर चिकटवले होते.

“मावशी, अहो दाढी कशी करू मी? टोस्टरमध्ये पाहून?” नागपूरकराने विचारले.

“कर. टोस्टर चांगला घासलेला आहे.”

त्याने खरोखरच दोन वर्षे टोस्टरमध्ये पाहून दाढी केली.

सगळ्यात विलक्षण होते ते त्यांचे 'आमचे'. मठात कुठलीही वस्तू माझी म्हणायची नसते, हे आम्हाला पुढे कळले. त्यामुळे त्यांचा चष्मा 'आमचा चष्मा' होता, त्यांची मोटार 'आमची गाडी' आणि त्यांचे मोजे 'आमचे मोजे'. आम्हाला पहिले काही आठवडे तो राजेशाही थाट वाटला.

“मावशी, 'आमचा चष्मा' म्हणजे आपल्या चौघांचा का हो?” पुणेकराने एकदा खोडी काढली.

“हो. तुला दिसत नसेल तर घे,” त्यांनी चष्मा काढून त्याच्यापुढे धरला. चेष्टेचा लवलेशही चेहऱ्यावर नव्हता.

पण एक गोष्ट त्या 'माझी' म्हणत. चूक. भाजी खारट झाली तर “मीठ माझ्या हातून जास्त पडलं”, गाडी उशिरा निघाली तर “उशीर माझ्यामुळे”. वस्तू सगळ्यांची आणि चूक आपली एकटीची, असा तो हिशेब होता. त्याला जोडून घरात एक रिवाज होता, तो आम्हाला सुरुवातीला विचित्र वाटला आणि नंतर अंगवळणी पडला. कुणाच्या हातून काही फुटले, तुटले, जळले, तर ते त्याने रात्रीच्या जेवणाला आपल्या ताटाशेजारी ठेवायचे. कारण सांगायचे नाही, सबबी द्यायच्या नाहीत. तुकडे तिथे असतात, सगळे जेवतात, जेवण झाले की तुकडे टाकून द्यायचे आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही. हा त्यांच्या मठातला जुना प्रघात. नागपूरकराने पाणी न घालता कुकर लावला होता तेव्हा ते काळेठिक्कर भांडे त्याच्या ताटाशेजारी मूर्तीसारखे बसले होते, आणि मावशी त्याला शांतपणे आमटी वाढत होत्या. मात्र सगळ्यात जास्त वेळा तुकडे असत ते मावशींच्याच ताटाशेजारी. त्यांच्या हाताला कपबश्या टिकत नसत.

एकदा पुणेकर त्याच्या पीएचडीच्या पात्रता परीक्षेत नापास झाला. त्या रात्री त्याने विभागाचे पत्र घडी करून ताटाशेजारी ठेवले. मावशींनी ते उघडून वाचले, परत घडी केली आणि त्याच्या खिशात घातली.

“हे तुझ्या हातून फुटलेलं नाही. हे जड होतं. भात घे अजून.”

इस्पितळात मरणाच्या दारातले रुग्ण त्यांना बोलावून घेत. त्या तिथे काय करतात असे मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाल्या, “नखं कापते.” मला वाटले, प्रार्थना वगैरे म्हणत असतील. “प्रार्थना त्यांचं त्यांना येते. नखं कापायला दुसरं माणूस लागतं.” त्या स्वतः रविवारी चर्चला जात, पण सगळ्यात मागच्या बाकावर बसत आणि प्रसाद न घेता परत येत. का, ते आम्ही विचारले नाही.

त्याच इस्पितळातले एक फार्मसिस्ट त्यांच्याकडे येऊ लागले होते. अमेरिकन, पन्नाशीचे, विधुर, अतिशय सभ्य आणि अतिशय कमी बोलणारे. उन्हाळ्यात ते आपल्या बागेतले टोमॅटो कागदी पिशवीतून आणत, म्हणून आम्ही त्यांचे नाव टोमॅटो-काका ठेवले होते. त्यांनी पुढच्या व्हरांड्याच्या कुजलेल्या पायऱ्या बदलून दिल्या, तळघरातला पंप दुरुस्त केला, आणि एका संध्याकाळी, फेब्रुवारीतल्या, ते गेल्यानंतर मावशी मटार सोलता सोलता आम्हाला म्हणाल्या, “त्यांनी लग्नाचं विचारलंय.”

“काय सांगता! मग मावशी, पार्टी कधी?” नागपूरकर उडालाच.

“ईस्टरनंतर उत्तर देते म्हटलं.”

“अहो, त्यात विचार काय करायचा? एवढा सज्जन माणूस, यार, पायऱ्यासुद्धा लावून दिल्या.”

त्या हसल्या नाहीत. बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या. मग त्या वर्षी पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा त्यांनी मठ सोडल्याची गोष्ट सांगितली. भांडण झाले नव्हते, माणूस आडवा आला नव्हता. “एक दिवस प्रार्थनेला बसले, आणि समोर कुणी नव्हतं. दोन वर्षं वाट पाहिली. मग मदरना सांगितलं.” रोमहून परवानगीचा कागद आला. त्यांना एक तपकिरी कोट मिळाला, एक पेटी आणि बसचे तिकीट. बाकीच्या सिस्टर सकाळच्या प्रार्थनेत असताना त्यांनी मागच्या दाराने बाहेर पडायचे, असे ठरले होते. निरोप घ्यायचा नाही, कुणाला सांगायचे नाही. “पंधरा वर्षं एका ताटात जेवलेल्या बायका, आणि मी चोरासारखी गेले. जेवणघरातून माझी खुर्ची काढून घेतली असेल त्यांनी. नाव घ्यायचं नाही, असा नियम होता.” मग मटारांचे भांडे बाजूला सारून म्हणाल्या, “एकदा देवाला दिलेला शब्द मोडला. दुसऱ्या कुणाला शब्द द्यायचा मला अधिकार आहे का, एवढंच कळत नाही. बाकी माणूस चांगला आहे. मला कळतं ते.”

मी तेव्हा विद्यापीठाच्या चित्रपट मंडळात प्रोजेक्टर चालवण्याचे काम करत असे. एका जुन्या व्याख्यानगृहात दर शुक्रवारी संध्याकाळी सोळा मिलिमीटरचे चित्रपट दाखवले जात. त्या मार्चमध्ये, नेमका ईस्टरआधीचा त्यांचा उपवासकाळ चालू असताना, एक जुना इटालियन चित्रपट येणार होता. विषय, एका तरुण सिस्टरची श्रद्धा. पत्रक मीच घरी आणले, मीच ते मावशींना दाखवले. त्या सिनेमा पाहत नसत. पण त्यांनी पत्रकावरचे ते चित्र, शिरोवस्त्रातला तो चेहरा, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “त्यांनाही बोलावते.”

चित्रपटाची रिळे पत्र्याच्या डब्यांतून टपालाने येत. आमच्या पर्यवेक्षकाचा नियम असा की खेळाआधी सगळी रिळे बाहेर काढून मोजायची आणि सोबतच्या चिठ्ठीशी ताडून पाहायची. मी एरवी तो नियम कसोशीने पाळत असे. त्या संध्याकाळी मात्र मावशी आणि टोमॅटो-काकांसाठी मधल्या रांगेतल्या दोन चांगल्या खुर्च्या धरायला मी खाली गेलो, त्यांना बसवले, कॉफी आणून दिली आणि घाईघाईने वर आलो. वरची तीन मोठी रिळे काढली. तीन मोठ्या रिळांत एक चित्रपट, असेच बहुधा असे. मोजायचे राहून गेले.

कृष्णधवल चित्रपट. डोंगरातले एक गाव, बर्फ, मठाचे छोटे रुग्णालय. तिथल्या तरुण सिस्टरकडे एक पाथरवट मरायला येतो. धुळीने त्याची छाती भरलेली असते. तो देव मानत नाही. शेवटच्या दिवशी तो तिला विचारतो की पलीकडे कुणी आहे असे तुला खात्रीने वाटते का, आणि तिला उत्तर देता येत नाही. त्यानंतर तिची प्रार्थना आटत जाते. ती मठ सोडायची परवानगी मागते. मदर तिला एक हिवाळा थांबायला सांगतात. तो हिवाळा, ती शांतता, तिचे भिंतीच्या कडेने चालणे. प्रोजेक्टरच्या खोलीच्या काचेतून मी मावशींकडे पाहत होतो. त्या खुर्चीच्या अगदी टोकाला बसल्या होत्या. तिसऱ्या रिळाच्या शेवटी ती साध्या कपड्यांत, हातात पेटी घेऊन, मठाच्या अंगणात येते. मागचे लहान दार तिच्यासाठी उघडे असते. तेवढ्यात आत प्रार्थनेची घंटा होते. ती थांबते. पेटी बर्फावर खाली ठेवते. तिचा चेहरा पडदाभर होतो, आणि पडदा पांढरा झाला.

टाळ्या झाल्या. चर्चेसाठी आलेले चित्रपटशास्त्राचे प्राध्यापक उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला होता. असा शेवट करायला केवढे धैर्य लागते, असे ते म्हणाले. ती पेटी खाली ठेवणे हीच श्रद्धा, कारण श्रद्धा म्हणजे समोर कुणी दिसत नसतानाही जागेवरून न हलणे. कुणीतरी विचारले की शेवटची पाटी कशी नाही आली. जुन्या प्रतींच्या शेपट्या तुटलेल्या असतात, प्राध्यापकांनी हसून सांगितले. मग ते मागे वळले, माझ्या खिडकीकडे पाहून म्हणाले की इतका निर्दोष खेळ या सभागृहात पूर्वी पाहिला नव्हता. साठ माणसांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या.

त्याच वेळी तिसरे रीळ ठेवण्यासाठी मी दुसरा डबा उघडला होता. तळाशी पुठ्ठ्याची एक चकती होती. ती उचलली, तर खाली एक लहान रीळ. त्याच्या पट्टीवर चारचा आकडा.

खिडकी उघडून एक वाक्य बोलायचे होते. “माफ करा, अजून बारा मिनिटं आहेत, बसून घ्या.” एवढेच. माणसे हसली असती, प्राध्यापक ओशाळले असते, पर्यवेक्षकाने मला झापले असते. मी डबा बंद केला.

परत येताना मावशी गाडी चालवत होत्या. स्टॉपच्या प्रत्येक पाटीशी पूर्ण थांबून त्या मनाशी तीन मोजत. शेजारी टोमॅटो-काका. ते इंग्रजीत म्हणाले, “ती गेली असती तर मला आवडलं असतं.” पुढच्या पाटीशी गाडी थांबली तेव्हा आरशातून माझ्याकडे पाहत, काकांना कळू नये म्हणून मराठीत, मावशींनी मला विचारले, “संपला ना रे तो? की पुढं काही होतं?”

“संपला, मावशी.”

त्या वेळी गाडी तीनपेक्षा पुष्कळ जास्त मोजेपर्यंत थांबून राहिली. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा हलली.

रविवारी दुपारी मी व्याख्यानगृहाची किल्ली घेऊन गेलो आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर ते चौथे रीळ लावले. स्वतःला बजावले होते की त्यात काही विशेष नसेल, चार-दोन डोंगर असतील, नावे असतील. त्यात असे होते: ती पेटी पुन्हा उचलते. मागच्या दाराकडे निघते. तेवढ्यात मठाची म्हातारी द्वारपाल सिस्टर, किल्ल्यांचा जुडगा खळखळवत, तिचा हात धरते आणि तिला ओढतच समोरच्या मोठ्या दरवाजाकडे नेते. तो दरवाजा फक्त बिशप आले तर किंवा कुणी वारले तर उघडत असतात. म्हातारी त्याची दोन्ही दारे लोटते. बर्फ साचलेला, दारे हलत नाहीत, दोघी मिळून लोटतात. घंटेचा आवाज थांबतो. प्रार्थना अर्धी टाकून बाकीच्या सिस्टर बाहेर येतात आणि दोन रांगांत उभ्या राहतात. कुणी बोलत नाही. म्हातारी तिच्या हातात एक पाव देते, “भूक लागेल” म्हणते. पुढे बस. ती खिडकीशी बसून पावाचा तुकडा मोडते, आणि खाण्याआधी सवयीने तिचा हात कपाळाकडे जातो, तिथून छातीशी येतो आणि थबकतो. आता हे करायचा आपल्याला अधिकार आहे का, असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. मग ती तो क्रूस पुरा करते. आणि हसते. बस वळणाआड जाते.

प्रोजेक्टर बंद करायचेही मला सुचले नाही. मी एका चित्रपटाचा शेवट गाळला नव्हता. मी त्याचा अर्थ उलटा केला होता. आणि ज्या एका व्यक्तीला त्या बारा मिनिटांची गरज होती, तिने मला विचारलेही होते.

ते रीळ मी पिशवीत घालून घरी आणले. ठरवले होते की रात्री जेवताना ते ताटाशेजारी ठेवायचे. त्या घरात तेवढे पुरेसे होते, शब्दही लागले नसते. पाने मांडली गेली. मी ते आणायला वर गेलो. पिशवी उघडली. आणि खाली आलो तो हातात टॉर्च घेऊन. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या हातून पडून त्याची काच तडकली होती, आणि मी तो कपाटात दडवला होता. तो मी ताटाशेजारी ठेवला.

मावशींनी पाहिले. नियम मोडून त्या बोलल्या. “हा फुटून बरेच दिवस झाले.”

“लक्षात राहिलं नाही, मावशी.”

“राहिलं होतं,” त्या अगदी मायेने म्हणाल्या. “आज ठेवलास, फार बरं केलंस.”

सोमवारी चारही रिळे टपालाने परत गेली.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी टोमॅटो-काका आले. हातात पांढऱ्या लिलीची कुंडी होती. त्यांनीच बदललेल्या पायऱ्यांवर दोघे उभे राहून बोलले, पाच मिनिटेसुद्धा नसतील. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होतो. त्यांनी मान हलवली, टोपी घातली, कुंडी कठड्यावर तशीच ठेवली आणि ते गेले. रात्री मावशी भात वाढत म्हणाल्या, “त्यांना नाही म्हटलं. पेटी खाली ठेवली मी.”

नागपूरकराला काही कळले नाही. “कसली पेटी, मावशी?” मला कळले. मी तोंडातला घास चावत राहिलो. उन्हाळ्यात फार्मसिस्टनी ॲरिझोनात बदली मागून घेतली. त्या वर्षी टोमॅटो आले नाहीत.

मी पदवी घेऊन गाव सोडले. नोकऱ्या झाल्या, लग्न झाले, मुलगी झाली, पश्चिमेला बॉथेलमध्ये घर झाले. मावशींना मी सुरुवातीची काही वर्षे नाताळला कार्ड पाठवत असे. मोजून चार ओळी. तीन वेळा लांब पत्र लिहिले आणि तिन्ही वेळा फाडले. मुलीला लहानपणी खोटे बोलल्याबद्दल रागावताना माझा आवाज मलाच परका वाटे. एकदा हे सगळे मी बायकोला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मला सांगून काय उपयोग?”

त्यानंतरही सात वर्षे गेली. मग अ‍ॅशबर्नहून नागपूरकराचा फोन आला; तो आता तिकडे पूर्वेला असतो. “अबे, मावशी आहेत अजून. वृद्धाश्रमात असतात, त्याच गावात. कान शाबूत आहेत, पाय गेलेत. मी भेटून आलो. तू कधी जातोस?” मी दुसऱ्याच आठवड्यात गेलो.

त्या खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एवढ्याशा झालेल्या. मला पाहून म्हणाल्या, “केस कुठं गेले?” मग चहा मागवला, मुलीची चौकशी केली, ती मराठी बोलते का विचारले. “समजतं तिला. उत्तर इंग्लिशमध्ये देते,” मी म्हणालो. “देते ना? मग झालं,” त्या म्हणाल्या. मी सोबत लॅपटॉप आणला होता. तो इटालियन चित्रपट आता सहज मिळतो. मी तो अजून पिशवीतच ठेवून, त्यांच्याकडे न पाहता म्हणालो की त्या शुक्रवारी चार रिळे होती, आणि मी तीनच दाखवली.

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“मग ती गेली?”

“गेली. मी आणलाय बरोबर, दाखवतो.”

“नको. तू पाहिलंस ना? तू सांग.”

मी सांगितले. उचललेली पेटी, म्हातारीच्या किल्ल्या, मोठा दरवाजा. दोन रांगांपाशी त्यांनी मला थांबवले. “सगळ्या बाहेर आल्या? प्रार्थना टाकून?” सगळ्या, मी म्हणालो. “कुणी बोललं?” नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि मिटल्या डोळ्यांनीच हाताने खूण केली, की पुढे चल. मी पाव सांगितला, बस सांगितली, छातीशी थबकलेला हात सांगितला.

“पुरा केला तिनं?”

“पुरा केला. आणि हसली.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “बरं झालं बाई.”

खाली कुणीतरी बर्फ ओढत होते, त्या फावड्याचा आवाज येत राहिला. मग त्यांनी मला अगदी साध्या स्वरात सांगितले की त्या संध्याकाळी घरातून निघताना त्यांनी 'हो' म्हणायचे ठरवले होते. परतताना, गाडीतच, टोमॅटो-काकांना सांगणार होत्या. ते आता नाहीत. ॲरिझोनात गेले, तिथेच वारले. दर नाताळला एक ओळ लिहीत.

मी खाली पाहत होतो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“असा बसू नकोस. एवढी मोठी बाई मी, पडद्यावर कुणी पेटी खाली ठेवली म्हणून आपणही ठेवावी का? मला निमित्तच हवं असेल. घाबरले असेन. कुणाला माहीत, चौथं रीळ बघूनसुद्धा नाहीच म्हटलं असतं. अर्ध्याहून जास्त दोष माझाच आहे त्यात. चहा पी, निवतोय.”

तो आडोसा त्यांनी माझ्यासाठी उभा केला होता, आणि तीस वर्षे मीही मनातल्या मनात तोच उभा करत आलो होतो. आता तो घेणे फार सोपे होते. मी कप खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले.

“मावशी, तुम्ही मला विचारलं होतं, पुढं काही आहे का. पुढं होतं. मला ते माहीत होतं, आणि मी तुम्हाला नाही म्हणून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्या मला सोडवेनात. मी तुमच्याशी खोटं बोललो. मला क्षमा करा.”